महादेवभाईंची समाधी आणि त्यांची रोजनिशी

पुण्यातील आगाखान महाल तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली बांधला, पुढे १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी तो भारताला अर्पण केला आणि आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. महालाच्या आवारात शेजारी शेजारी असलेल्या दोन समाध्यांपैकी कस्तुरबांची सर्वांना ठाऊक असते. दुसरी मात्र नात्याने कोणीच नसलेल्या, पण पंचवीस वर्षे गांधीजींच्या प्रत्येक कामाचा भार वाहिलेल्या महादेव देसाई या सहकाऱ्याची आहे.

महाल उभा राहिला त्याच वर्षी, १ जानेवारीला, सुरत जिल्ह्यातील सरस या गावी महादेवभाईंचा जन्म झाला. वकिलीची पदवी घेऊन त्यांनी काही काळ सहकारी बँकेत निरीक्षकाची नोकरी केली आणि १९१७ मध्ये ते गांधीजींचे चिटणीस झाले. चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार पाहणारा कारकून, असा अर्थ येथे पुरा पडत नाही. कारण पत्रांची उत्तरे, भेटीगाठी, 'नवजीवन' आणि 'हरिजन' या पत्रांतील लेखन, गांधीजींच्या आत्मकथेचा इंग्रजी अनुवाद, एवढे सर्व एकाच माणसाकडे होते. वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींकडे जाऊन परत येण्याची पायपीट ते विदर्भाच्या उन्हातही करीत, आणि त्या काळात त्यांची प्रकृती ढासळली, याची नोंद त्यांच्या मोठेपणाबरोबरच घेतली पाहिजे.

या सर्व धबडग्यात ते रोजनिशी लिहीत. १३ नोव्हेंबर १९१७ पासून १४ ऑगस्ट १९४२ पर्यंतच्या या नोंदींत गांधीजी काय बोलले, कोणाला काय लिहिले, कोणत्या प्रश्नावर त्यांचे मत कसे बदलले, हे त्या त्या दिवशीच टिपलेले आहे. आणि लिहिणारा स्वतः मात्र तीत फारसा दिसत नाही. सहवासाचे असे निःस्वार्थी लेखन आपल्याकडे दुर्मीळच आहे.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झाल्यावर गांधीजींसह त्यांना या महालात स्थानबद्ध करण्यात आले. स्थानबद्धता म्हणजे खटला न चालवता ठरावीक जागी कैदेत ठेवणे. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला सकाळी, हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. देह बाहेर न्यावयाचा नसल्याने आवारातच दहन झाले. गांधीजींनी स्वतः त्यांना स्नान घातले आणि मुलगा जवळ नसल्याने अग्नीही दिला. त्यानंतर ते समाधीवर फुले वाहण्यास रोज जात. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन होऊन त्यांचे दहनही तेथेच झाले, आणि मे महिन्यात सुटका होताना त्या भूमीचे पावित्र्य राखले जावे व आप्तेष्टांना तेथे येता यावे, असे गांधीजींनी सरकारला लिहून कळवले. सत्तेकडून स्वतःसाठी काही न मागणाऱ्या माणसाने ही मागणी केली, यावरून त्या जागेचे त्यांच्या मनातील मोल कळते.

महादेवभाईंचे खरे स्मारक मात्र दुसऱ्या एका सहकाऱ्याने उभारले. नरहरी परीख हे अहमदाबादच्या वकिलीच्या दिवसांपासूनचे त्यांचे मित्र. दोघांनी मिळून टागोरांच्या काही कृती गुजरातीत आणल्या होत्या आणि दोघेही १९१७ च्या सुमारासच गांधीजींकडे आले. मित्राच्या मागे राहिलेल्या वह्यांचे संपादन, म्हणजे घाईत लिहिलेला मजकूर लावणे, संदर्भ जोडणे आणि छपाईयोग्य प्रत सिद्ध करणे, हे किचकट काम परीखांनी हाती घेतले आणि १९४८ पासून गुजराती खंड प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्यानंतर ते चंदुलाल दलालांनी पुढे नेले. बेळगावच्या तुरुंगात महादेवभाईंनी सिद्ध केलेला गांधीजींच्या गीताविवेचनाचा इंग्रजी ग्रंथही त्यांच्या पश्चात १९४६ मध्ये बाहेर आला. ज्याचे काम अर्धे राहिले ते पुरे करणे, हीच सहकाऱ्याची श्रद्धांजली या मंडळींनी मानली, आणि शोकसभेतील कोणत्याही भाषणापेक्षा ती मोठी आहे.

साहित्य अकादमीने १९५५ मध्ये पुरस्कार देण्यास आरंभ केला, तेव्हा गुजरातीतील पहिला पुरस्कार याच रोजनिशीला मिळाला. परीखांनी प्रथम काढलेला खंड १९३२ च्या येरवडा तुरुंगातील दिवसांचा आहे, आणि तो तुरुंग महालापासून दूर नाही. समाधी पाहण्यास जाणाऱ्या मराठी वाचकाने तो खंड आधी अवश्य वाचावा.