माने, मोरे आणि संगणक

‘नियमोरे’ हा शब्द मराठीच्या कोणत्याही कोशात सापडणार नाही. तो मी जन्माला घातला आहे, आणि त्याची मला लाज वाटते. ही कबुली देऊनच लेखाला सुरुवात करतो.

कॉलेज सुटल्यावर मी तालुक्याच्या गावी एका टायपिंगच्या दुकानात काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास एका गावच्या पाणीपुरवठा समितीची ८४ पत्रे दुकानात आली. समितीचे सचिव माने जाऊन त्या जागी मोरे आले होते. तेवढे नाव बदलायचे होते. प्रत्येक पत्र वर्डच्या स्वतंत्र फाइलमध्ये होते. फाइल उघडा, शोधा, बदला, बंद करा, हे ८४ वेळा कोण करणार? मी पायथन भाषेत दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. घटकाभरात काम झाले. मालकांनी खूश होऊन चहा पाजला. पत्रांवर गठ्ठ्याने सह्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी एक आजी आपले पत्र घेऊन परत आल्या. त्यात लिहिले होते, ‘यांनी नियमोरे पाणीपट्टी भरली आहे.’ सहीखाली मात्र नाव मानेंचेच राहिले होते. नाव आणि सही जुळत नाही म्हणून कचेरीने पत्र परत केले होते. मजुरीचा दिवस बुडवून, एस.टी.चे भाडे भरून आजी आल्या होत्या. घरी आईला हे सांगितले. आईला वाचता येत नाही. ती एवढेच म्हणाली, “मशीनला कळत नसंल बाबा, पर तुला तर कळत हुतं न्हवं?”

त्या रात्रीपासून मी हे प्रकरण मुळातून समजून घेऊ लागलो. जे समजले ते माझ्यासारख्या कला शाखेच्या मित्रांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, संगणकाला शब्द कळत नाहीत. त्याला फक्त चिन्हांची रांग दिसते. म, काना, न, मात्रा ही रांग जेथे दिसेल तेथे त्याने ‘मोरे’ घातले. ‘नियमाने’ या शब्दाच्या पोटात ‘माने’ आहेच! ‘क्रमाने’ आणि ‘प्रेमाने’ यांचीही तीच गत. मग वाटले, ‘पूर्ण शब्दच शोध’ असे सांगावे. पायथनच्या नेहमीच्या शोधनियमांत शब्दाची सीमा ओळखणारी खूण आहे. पण ती काना-मात्रेला अक्षर मानत नाही. ‘माने’च्या शेवटी मात्रा आणि पुढे मोकळी जागा. खुणेच्या लेखी दोन्ही सारखीच, म्हणून तेथे तिला सीमाच दिसत नाही आणि खरे ‘माने’ही सापडत नाहीत. शेवटी, ‘मागे-पुढे देवनागरीचे कोणतेही चिन्ह नसावे’ अशी अट आपणच घालावी लागते.

पण अट घातली की ‘मानेंनी’ आणि ‘मानेंच्या’ निसटतात. एका पत्रात तर ‘मान्यांकडे’ असेही होते. येथे मला वर्गात कंटाळवाणे वाटलेले सामान्यरूप आठवले. विभक्ती लागताना मराठी नाम आपला चेहरा बदलते. कोणकोणती रूपे येऊ शकतात याची यादी मी वहीत केली आणि प्रोग्रॅमला दिली. व्याकरणाचा तास असा उपयोगी पडेल असे कधी वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट वर्डच्या फाइलची. ‘डॉक्स’ प्रकारची फाइल म्हणजे खरे तर एक गाठोडे आहे. तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ केला की ती सोडता येते. आत पुष्कळ लहान फाइली असतात. मुख्य मजकूर एकीत, तर प्रत्येक पानाच्या डोक्यावरचा आणि तळाचा मजकूर वेगळ्या फाइलींत. मुख्य मजकुरातही परिच्छेद सलग नसतो. गोधडीसारखे त्याचे तुकडे जोडलेले असतात. या तुकड्याला ‘रन’ म्हणतात. अक्षर ठळक केले, मध्येच दुरुस्ती केली, की नवा तुकडा पडतो. आपल्याला पडद्यावर ‘माने’ सलग दिसते, पण आत ‘मा’ एका तुकड्यात आणि ‘ने’ दुसऱ्यात असू शकते. माझा प्रोग्रॅम एकेक तुकडा सुटा पाहत होता. आजींच्या पत्रात सहीखालचे नाव असेच दुभंगले होते. उपाय असा: परिच्छेदाचे सर्व तुकडे जोडून त्यात शोधावे, नवे नाव पहिल्या तुकड्यात ठेवावे आणि जुन्याचा उरलेला भाग पुढच्या तुकड्यांतून काढावा. तक्त्याच्या चौकटी आणि पानाचे डोके-तळ यांतही स्वतंत्रपणे शिरावे लागते.

तिसरी गोष्ट लिपीची. ‘शेतकऱ्यांचे’ यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळे. आणि कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली फाइल असेल, तर आत देवनागरी नसतेच. तेथे इंग्रजी अक्षरांना मराठीचा पोशाख चढवलेला असतो. अशा फाइलीत ‘माने’ जन्मभर शोधले तरी मिळणार नाहीत.

आता मी असे करतो. मूळ फाइलींना हात न लावता त्यांची नक्कल घेतो. आधी काहीही न बदलता, जेथे जेथे नाव सापडले तेथील मागचे-पुढचे चार शब्द कागदावर छापून घेतो आणि पेन्सिल घेऊन वाचतो. मगच बदलाची आज्ञा देतो. शेवटी जुने नाव कोठे उरले का ते पुन्हा शोधतो. घटकाभराच्या कामाला आता संध्याकाळ लागते. मालक कुरकुरतात, पण पत्र परत येत नाही.

ती ८४ पत्रे मी पुन्हा तपासली. आजींचे पत्र त्यांच्या गावी जाऊन हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, “आता बराबर हाय ना, पोरा?” त्यांनाही वाचता येत नव्हते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या कागदाची जबाबदारी वाचता येणाऱ्यावर दुप्पट असते. संगणक चूक करतो असे आपण सहज म्हणतो. तो बिचारा सांगितले तेवढेच करतो. ‘नियमाने’त माने नाहीत हे त्याला कोणी सांगायचे, तर मराठी जाणणाऱ्यानेच!