चालणे कोणाचे, विसावा कोणाचा?

25 मार्च 2020 रोजी देशाला कुलूप लागले. त्याआधीच, 17 मार्चपासून, पुरातत्त्व खात्याने स्मारके बंद केली होती. त्यात आमच्या जुन्नरची लेणीही आली. कोर्टात फक्त तातडीची कामे. 14 एप्रिलची जयंती घरात, 7 मेची बुद्धपौर्णिमाही घरातच. त्या दिवसांत आम्हांस सावरले ते आमच्या पायांनी. पहाटे घरामागच्या बांधावरून ओढ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढीच ती चाल. पण भारद्वाजाचा घुमणारा आवाज कानी आला की रात्रभर फोनवर ऐकलेल्या मरणाच्या बातम्या थोड्या मागे सरत. शेजारी उसाचे रान, त्यामुळे बिबट्याची धास्ती असेच. हातात काठी आणि तोंडाने बोलणे चालूच.

बौद्धांस यात नवल वाटू नये. सावकाश, सावधपणे येरझारा घालणे म्हणजे चंक्रमण; भिक्खूंच्या दिनचर्येत त्याला स्थान आहे. पावसाळ्याचे तीन महिने हिंडणे थांबवून एका जागी राहणे हा वर्षावास. जुन्नरच्या डोंगरांतले विहार अशा मुक्कामासाठीच कोरले गेले. लेण्याद्रीच्या विहारात आज गणपती बसला आहे, हा इतिहास आमच्या वाचकांना ठाऊक आहेच.

मानमोडीच्या लेण्यांतील शिलालेख मात्र फारसे कोणी वाचत नाही. अडुथुम नावाच्या शक उपासकाने शेतजमिनीचे उत्पन्न श्रेणीकडे ठेवले, कशासाठी? करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी! जमीन किती, झाडे कोणती, हे सारे दगडावर कोरून ठेवले आहे. आम्हां वकिलांना असा चोख दस्तऐवज क्वचितच पाहायला मिळतो. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेवल्याची नोंद आहे. ज्या धंद्यातला बुरूड समाज आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे, त्या धंद्याकडे तेव्हा धर्मदायाचा पैसा विश्वासाने सोपवला जात होता. मे महिन्यात वाटेवरचा करंज फुलला, तेव्हा आम्हांस हे लेख आठवले आणि फार बरे वाटले, हे सांगितलेच पाहिजे.

पण त्याच मे महिन्यात दुसरेही चालणे चालू होते. मजूर बायकापोरांसह गावाकडे पायी निघाले होते. 8 मे 2020 रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. टाळेबंदीसाठी वापरलेला साथरोग कायदा 1897 चा, प्लेगच्या काळात इंग्रजांनी केलेला. त्याच प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरात बसा, हा हुकूम सर्वांना सारखाच. बसायला घर आणि खायला दाणे मात्र सारखे नव्हते.

3 जूनपासून राज्य सरकारने मोकळ्या जागी पहाटे पाच ते सायंकाळी सात चालण्यास मुभा दिली. आमची चाल मानमोडीच्या पायथ्यापर्यंत लांबली. नेमक्या त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यावरून गेले आणि हिरड्याची झाडे उन्मळली. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करून वर्षाची मीठमिरची भागवतात. जंगलातली चाल आमचा विरंगुळा, त्यांचा तो रोजगार. गेलेल्या हिरड्याच्या भरपाईसाठी त्यांना पुढे आंदोलने करावी लागली.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, दाव्याचा अर्ज लागतो, पुरावे जोडावे लागतात. आमच्यातील जे वकील आजही रविवारी डिंभ्याच्या बाजूला फिरायला जातात, त्यांनी पाण्याच्या बाटलीबरोबर ते कोरे अर्ज पिशवीत ठेवावेत.