रूपांतर कोणत्या यंत्रानं करावं?

हाय-फाय संचातला अ‍ॅम्प्लिफायर मागच्या बाजूनं पाहिला की सॉकेटांची दाटी दिसते. लाल-पांढऱ्या आरसीए पिनांच्या जोड्या, एकटंच असलेलं कोअ‍ॅक्शियल, छोट्या झाकणाचं चौकोनी ऑप्टिकल आणि नव्या यंत्रांत एचडीएमआय. सीडी प्लेअरच्या मागेही बहुधा यांतली दोन-तीन सॉकेटं असतात, त्यामुळे एकच गाणं दोन वेगळ्या वाटांनी अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेता येतं. कोणती वाट धरावी यावर दोन ठाम मतं ऐकू येतात. डिजिटल नवं आहे म्हणून तेच चांगलं, असं एक. अ‍ॅनलॉग आवाजात ऊब असते म्हणून तेच खरं, असं दुसरं. पण या दोन्ही मतांत एक साधी गोष्ट सुटते. स्पीकरचा कोन हलवायला शेवटी अ‍ॅनलॉग वीजप्रवाहच लागतो. सीडी, टीव्ही किंवा इंटरनेटवरून येणारं गाणं मुळात आकड्यांच्या रूपात असतं आणि त्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर वाटेत कुठेतरी व्हावंच लागतं. वायर निवडताना आपण प्रत्यक्षात एवढंच ठरवतो, की हे रूपांतर आधीच्या यंत्रात व्हावं की पुढच्या. म्हणून माझ्या मते पाहायचं ते हे, की घरातल्या यंत्रांपैकी हे काम सर्वांत चांगलं कोण करतं. ते कळलं की वायर आपोआप ठरते.

हे पटण्यासाठी दोन्ही वायरींमधून नेमकं काय जातं ते पाहू. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवलेली सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यावर प्रत्येक सेकंदाच्या आवाजाची 44,100 मोजमापं प्रत्येक वाहिनीसाठी नोंदलेली असतात आणि प्रत्येक मोजमाप 16 बिटांचं असतं. प्लेअरमधला डॅक, म्हणजे आकड्यांतून लहर घडवणारी चिप आणि तिच्या भोवतीचं सर्किट, त्यातून साधारण 2 व्होल्टपर्यंतचा सिग्नल तयार करतो. लाल-पांढऱ्या वायरीतून जातो तो हा सिग्नल. वाटेत त्यात जी खरखर मिसळेल ती गाण्याचाच भाग होऊन बसते. नंतर ती वेगळी काढता येत नाही. डिजिटल वायरीतून मात्र नुसते आकडे जातात. खरखर असलेल्या फोनवर कुणी नंबर सांगितला आणि प्रत्येक अंक ओळखता आला, तर लिहून घेतलेल्या नंबरात ती खरखर उरत नाही. इथेही तसंच घडतं. म्हणूनच काम नीट करणाऱ्या साध्या डिजिटल वायरीच्या जागी कितीही महागडी वायर लावली, तरी पलीकडे पोहोचणारे आकडे तेच राहतात. कोअ‍ॅक्शियलसाठी 75 ओहमची साधी, नीट बनवलेली वायर पुरते.

आता घरातली उदाहरणं घेऊ. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून आवाज काढून तो अ‍ॅम्प्लिफायरला दिला, तर रूपांतर टीव्हीतल्या सर्किटवर सोपवलं जातं. हे सर्किट बहुतेक टीव्हींमध्ये काटकसरीनं बनवलेलं असतं, कारण टीव्ही विकला जातो तो चित्रासाठी. इथे ऑप्टिकल किंवा एचडीएमआय वापरणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं. ऑप्टिकलचा आणखी एक मोठा फायदा असा, की त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. केबल टीव्हीची वायर, सेट-टॉप बॉक्स, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगचं वर्तुळ पुरं झालं की स्पीकरमधून 50 हर्ट्झची आणि तिच्या पटीतली भुणभुण सुरू होते. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यातली वायर ऑप्टिकल केली की हे वर्तुळ तिथे तुटतं. मात्र ऑप्टिकलच्याही मर्यादा आहेत. त्यातून दोन वाहिन्यांचा पूर्ण आवाज किंवा डॉल्बी डिजिटलसारखा आकुंचित केलेला 5.1 आवाज जातो. ब्ल्यू-रेवरचा अनेक वाहिन्यांचा अखंड आवाज त्यात मावत नाही. त्यासाठी एचडीएमआय लागतं. टीव्हीचा आवाज उलट्या दिशेनं अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारी एआरसी ही सोय एचडीएमआयच्या 2009 सालच्या आवृत्तीत आली आणि तिचं मोठ्या क्षमतेचं रूप असलेली ईएआरसी 2017 मध्ये.

सीडी प्लेअरचं गणित वेगळं. प्लेअर चांगल्या प्रतीचा असेल आणि अ‍ॅम्प्लिफायर साधा स्टिरिओ असेल, तर आरसीए वायरच योग्य. अशा अनेक अ‍ॅम्प्लिफायरांना डिजिटल सॉकेट नसतंच. सीडी वाजवायला स्वस्त डीव्हीडी प्लेअर वापरत असाल आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा स्वतंत्र डब्यात बरा डॅक असेल, तर डिजिटल. 1999 मध्ये आलेल्या, सीडीहून वरच्या दर्जाच्या एसएसीडीच्या प्लेअरांत मात्र कोअ‍ॅक्शियल आणि ऑप्टिकल सॉकेटांतून एसएसीडीचा मूळ थर बाहेर पडत नाही. तो ऐकायचा तर अ‍ॅनलॉग वायर लावायची किंवा एचडीएमआयची सोय असलेला प्लेअर हवा. प्रत्येक वेळी निकष एकच आहे, उत्तर मात्र यंत्रांनुसार बदलतं.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो तबकड्या जपणाऱ्यांकडून. एलपीवरचा आवाज मुळातून अखंड लहर आहे, तो आकड्यांत चिरायचाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. तबकडीवरची सुई ज्यात बसवलेली असते, त्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून अवघे 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात, ते वाढवावे लागतात. शिवाय तबकडी कापताना खर्ज कमी आणि तार स्वर वाढवून नोंदलेले असतात. हा तोल 1950च्या दशकात रूढ झालेल्या आरआयएए मानकाप्रमाणे उलटा सावरावा लागतो. हे काम फोनो स्टेजचं आहे, त्यामुळे टर्नटेबलची पहिली वायर अ‍ॅनलॉगच असते आणि पूर्ण अ‍ॅनलॉग साखळी असेल तर ती तशीच ठेवणं सरळ आहे. विनाकारण दोन रूपांतरं कशाला वाढवायची? पण बहुतेक एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमासाठीचे अनेक वाहिन्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, लाल-पांढऱ्या सॉकेटातून आलेला सिग्नलही आत घेताच आकड्यांत बदलतात, कारण खर्ज सबवूफरकडे वळवणं आणि खोलीनुसार आवाज सुधारणं ही कामं ते आकड्यांवरच करतात. हे टाळायचं तर त्यावरचा ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ पर्याय निवडावा लागतो. अ‍ॅनलॉग वायर लावली म्हणजे साखळी अ‍ॅनलॉग राहिलीच, असं म्हणूनच धरता येत नाही.

आणि ती तशी राहिली नाही, तर कानाला कळतं का? या प्रश्नाचं मोठं उत्तर 2022 मध्ये अनपेक्षितपणे मिळालं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी नावाजलेली. तिच्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत 2011 पासून एक डिजिटल टप्पा होता, हे त्या वर्षी उघड झालं. ग्राहकांना हे सांगितलं गेलं नव्हतं, तेव्हा त्यांचा राग रास्तच होता. पण चोखंदळ कानांनी याच तबकड्या इतकी वर्षं अ‍ॅनलॉग आवाजाचा नमुना म्हणून वाखाणल्या होत्या, हेही तितकंच खरं. नियंत्रित चाचण्या याच दिशेनं बोट दाखवतात. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एसएसीडीचा आवाज थेट आणि सीडीच्या दर्जाच्या रूपांतरातून फिरवून ऐकवला. 554 वेळा विचारलं तेव्हा 276 वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे नाणेफेकीइतकंच.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. जोशुआ रीस यांनी 2016 मध्ये अशा 18 प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा आवाज ओळखण्याचं प्रमाण 52.3 टक्के निघालं आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढलं. फरक शून्य नाही, हे मान्य करूया. पण तो इतका बारीक आहे, की त्यासाठी वायरीचा प्रकार बदलून घरच्या ऐकण्यात मोठी सुधारणा होईल अशी आशा धरता येत नाही. जिटरचा, म्हणजे आकडे पोहोचण्याच्या वेळेतल्या सूक्ष्म चढउतारांचा आक्षेपही असाच. हा दोष खरा आहे, मोजताही येतो. मात्र जपानमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संगीत ऐकताना अनियमित जिटर काही शे नॅनोसेकंदांच्या खाली श्रोत्यांना जाणवला नाही. बऱ्या यंत्रांतला जिटर त्याच्या फार खाली असतो.

मग दोन वायरी आलटून पालटून लावल्यावर अनेकांना स्पष्ट फरक ऐकू येतो, तो खोटा का? बहुतेकदा नाही; फक्त त्याचं कारण वेगळं असतं. दोन वाटांनी येणाऱ्या आवाजाची पातळी क्वचितच सारखी असते आणि किंचित मोठा आवाज आपल्या कानाला मोठा न वाटता अधिक भरदार, अधिक स्वच्छ वाटतो. तुलना करायची तर आधी पातळी जुळवायला हवी आणि कोणती वायर चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसायला हवं. घरात हे सहज जमतं. एकानं बदलायचं, दुसऱ्यानं पाठ फिरवून ऐकायचं. या कसोटीला उतरणारा फरक सापडला, तर तो जरूर मानावा आणि तीच वाट निवडावी.

हे सगळं सांगण्यामागे संगीतावरचं प्रेम आहे आणि ऐकणाऱ्याच्या पैशांची काळजीही. संचातला सर्वांत मोठा विपर्यास स्पीकर करतात आणि त्यानंतर खोली. मोकळी फरशी, उघड्या भिंती, कोपऱ्यात दाबून ठेवलेले स्पीकर यांनी आवाजात होणारे बदल कुठल्याही डॅकच्या दोषांपेक्षा कितीतरी पटींनी मोठे असतात. तंबोऱ्याचे स्वर एकमेकांत विरघळताना ऐकू यावेत, डग्ग्याचा घुमारा नेमका उमटावा, असं वाटत असेल तर पहिला खर्च चांगल्या स्पीकरांवर, पहिले कष्ट त्यांची जागा ठरवण्यावर. वायरीचा निर्णय एका संध्याकाळी संपतो: सर्वांत चांगला डॅक कोणत्या डब्यात आहे ते पाहायचं, रूपांतर शक्यतो एकदाच होईल अशी जोडणी करायची, भुणभुण असेल तर ऑप्टिकल लावायची, तबकड्यांसाठी फोनो स्टेज धड असल्याची खात्री करायची. त्यानंतर संचाच्या मागे पुन्हा पुन्हा वाकण्याची गरज नाही. तो वेळ ऐकण्यात घालवावा, कारण हा सारा खटाटोप त्यासाठीच तर केलेला असतो.