ऑपरेशनच्या आधीचे आठवडे

जुलै 2012 मध्ये अमरावती जिल्ह्यात दोन गोष्टी लागोपाठ आल्या. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आणि त्याच महिन्यात राज्यभर गुटखाबंदी लागली. योजना टिकली, पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. अकोल्याला ती नोव्हेंबर 2013 मध्ये पोचली. गुटखाबंदीचं काय झालं ते कोणत्याही पानठेल्यावर कळतं: तंबाखू-सुपारीचा खर्रा उघड घोटला जातो, पुडी मागितली की निघते.

योजना येण्याआधी वऱ्हाडातला तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात जाई, नाहीतर मुंबईला टाटात. टाटाच्या कितीतरी रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं आसरा दिला. तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा दोघेही अमरावती जिल्ह्यातले, दोघांनीही व्यसनांवर आयुष्यभर कोरडे ओढले. तेव्हा 'सोडा' म्हणणारे या मुलखाला कधी कमी पडले नाहीत. सोडताना सोबत बसणारं मात्र कोणी मिळत नसे. केसपेपरवर 'व्यसन: तंबाखू' असं लिहायचं, एकदा रागवायचं, की डॉक्टरांचं काम झालं. रुग्णाचं उत्तरही ठरलेलं: "आता कॅन्सर झालाच हाये, त सोडून काय फायदा?"

फायदा मोठा आहे, पण तो कळायला डॉक्टरांनाही वेळ लागला. ऑपरेशनच्या तोंडावर बिडी-सिगारेट सोडली तर कफ वाढून उलट त्रास होतो, असा समज अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 1980च्या दशकातल्या अभ्यासांवरून पसरला होता. 2011 मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्याला आधार सापडला नाही. त्याआधीच, 2002 मध्ये, डेन्मार्कमध्ये गुडघा-खुब्याच्या 120 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सहा ते आठ आठवडे आधीपासून ज्यांना सोडायला मदत मिळाली, त्यांच्यात गुंतागुंत 18 टक्के, बाकीच्यांत 52. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच उतरतो. जखम नीट भरण्यासाठी साधारण चार आठवडे हवेत. जबडा काढल्यावर हाताची किंवा मांडीची कातडी तिथे लावतात, तेव्हा दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. निकोटिन त्याच आकसवतं.

हे सारे अभ्यास मात्र धुराचे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तंबाखू चघळणारे-घासणारे 24.4 टक्के. सिगारेटवाल्यांसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. निकोटिनचं च्युइंगगम हा नेहमीचा उपाय घ्या. खर्ऱ्यातल्या सुपारीनं ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, भूल देताना नळी घालायचीही पंचाईत, तो गम काय चघळणार? त्याला कातडीवर लावायची पट्टी हवी. पण पट्टीतही निकोटिनच, म्हणून रक्तवाहिन्या जोडणारे काही सर्जन तिलाही नाखूश. मला वाटतं, पुन्हा खर्ऱ्याकडे वळण्यापेक्षा पट्टी कधीही बरी.

सोयी हळूहळू आल्या. तंबाखू सोडवणारी देशातली पहिली 13 केंद्रं 2002 मध्ये निघाली. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. 1800-11-2356 ही मोफत हेल्पलाइन 2016 मध्ये सुरू झाली आणि 2018 पासून तो नंबर पुडीवरच छापला जाऊ लागला. 2022 मध्ये निकोटिनची पर्यायी औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली.

कॅन्सरचं ऑपरेशन तंबाखू सुटावी म्हणून लांबवता येत नाही, लांबवूही नये. पण बायोप्सी, स्कॅन, दात काढणं, योजनेची मंजुरी यांत दिवस जातातच. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात येते, आणि नेमकं त्या दिवसांत रुग्ण गावाकडे भीतीनं अर्धमेला होऊन बसलेला असतो. एक फोन तेव्हाच हवा. रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी समुपदेशकाकडे पाठवलं, तर वाट पाहण्याचे हे आठवडे उपचारात जमा होतील.

सोबत मुलगाही आलेला असतो. बापाची तंबाखू सुटावी म्हणून तो हात जोडून डॉक्टरांपुढे उभा राहतो, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असते. केसपेपर बापाच्या नावाचा, त्यामुळे त्याला कोणी विचारत नाही.