विश्लेषण : पारा 44 अंशांवर, तरी यवतमाळच्या बंगल्यांत स्विमिंग पूल का नाहीत?

नवतपा सुरू झाला की यवतमाळमध्ये दुपारी बाराच्या आतच रस्ते ओस पडतात. पारा 43-44 अंशांवर असतो आणि रात्री उशिरापर्यंत भिंती तापलेल्या राहतात. अशा हवेत ज्यांना परवडते त्यांनी तरी अंगणात स्विमिंग पूल बांधला असेल, असे बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात डॉक्टर, व्यापारी, कंत्राटदार यांच्या नव्या बंगल्यांतही दोन गाड्यांची शेड, खोलीखोलीत एसी आणि गच्चीवर सोलर दिसते, पूल क्वचितच. उलट यवतमाळपेक्षा कितीतरी थंड असलेल्या फ्रान्समध्ये 30 लाखांहून अधिक खासगी पूल आहेत. म्हणजे नुसत्या उकाड्याने पूल बांधले जात नाहीत.

सर्वात मोठी अडचण कोणती?

पाण्याचे वेळापत्रक. जिल्ह्यात वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. नंतरचे आठ महिने धरणांत जे साठले त्यावर काढायचे. पोहावेसे वाटते ते मार्च ते जून या काळात, आणि नेमके तेव्हाच धरण तळाला गेलेले असते. पाणी मुबलक असते तेव्हा बाहेर पाऊस पडत असतो आणि पूल कुणाला आठवत नाही.

यवतमाळ शहराने याचा धडा 2018 मध्ये घेतला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला आणि शहराची तहान भागवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला. नळाला पाणी येण्यात आठवड्यांचे अंतर पडू लागले. टँकरमागे ड्रम आणि गुंडांच्या रांगा लागल्या. बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पावरून अमृत योजनेतून शहरासाठी जलवाहिनी टाकण्याचे काम याच काळात चर्चेत होते. ज्या शहराने हे पाहिले आहे, तिथे अंगणात भरलेला निळा हौद शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारच. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी पूल न बांधण्यामागे हा लोकलाजेचा भाग थोडा नाही.

असा प्रश्न राज्यालाही पडला होता. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मैदानांवर लागणाऱ्या पाण्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश झाला. बंगळुरूत तर 2024 च्या टंचाईत स्विमिंग पूलसाठी पिण्याचे पाणी वापरण्यावरच बंदी आली.

एका पूलला पाणी किती लागते?

हिशेब सोपा आहे. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा बेताचा पूल धरला तरी त्यात 48 हजार लिटर पाणी मावते. पाच हजार लिटरचे जवळपास दहा टँकर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हा निकष धरला, तर पाच जणांच्या कुटुंबाचे हे सत्तर दिवसांचे पाणी झाले. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी 55 लिटरचा आहे. त्या हिशेबाने खेड्यातील तेवढेच कुटुंब यात जवळपास सहा महिने काढेल.

एकदा भरून भागत नाही. मे महिन्यातील कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत उघड्या पाण्याची पातळी रोज सुमारे एक सेंटीमीटर खाली जाते. 32 चौरस मीटरच्या पृष्ठभागावर याचा अर्थ रोज 320 लिटर वाफ, म्हणजे दोन माणसांच्या दिवसभराच्या पाण्याहून अधिक. महिन्याला दोन टँकर केवळ उन्हाला द्यायचे. फिल्टर धुताना वाया जाणारे पाणी वेगळेच.

बोअर मारला तर?

जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणाच्या म्हणजे बेसाल्टच्या थरावर वसला आहे. हा दगड स्पंजासारखा पाणी धरून ठेवत नाही. वरचा झिजलेला थर आणि खालच्या भेगा, एवढ्यातच काय ते पाणी. त्यामुळे एका प्लॉटवर बोअरला धो धो पाणी आणि शेजारच्या प्लॉटवर नुसती धूळ, हा अनुभव यवतमाळकरांना नवा नाही. लागलेले पाणीही बहुधा जड असते. टाइल्सवर आणि फिल्टरमध्ये पांढरे थर बसतात. पांढरकवडा भागातील काही गावांत तर भूजलातील फ्लोराइड ही पिण्याच्या पाण्याचीच समस्या आहे. तिथे पोहण्याची गोष्ट कोण काढणार?

काळ्या मातीचा काय संबंध?

ज्या मातीने यवतमाळला कापसाचा जिल्हा केले, तीच बांधकामाला त्रास देते. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पुरलेला काँक्रीटचा हौद दरवर्षी दोनदा वेगवेगळ्या बाजूंनी दाबला, ओढला जातो. पावसाळ्यात भोवतालची माती भिंती आत ढकलते, उन्हाळ्यात ती भिंतींचा आधार सोडते. रिकामा ठेवला तर खालून पाण्याचा दाब येऊन तळ उचलला जाण्याचीही भीती असते. उपाय आहेत. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढून टाकायची, मुरूम भरून दाबायचा, लोखंड वाढवायचे, भोवती पाण्याचा निचरा ठेवायचा. पण प्रत्येक उपायासोबत खर्च वाढतो, आणि एक बारीक तडा गेला तरी विकत घेतलेले पाणी गुपचूप जमिनीत जाते. मुरमाड, उंच भागातील प्लॉटवर हा त्रास कमी होतो. पण तिथे पाणी कमी.

बांधल्यानंतर सुख आहे का?

थोडेच. एक अश्वशक्तीची मोटर रोज सहा तास चालवली तर महिन्याला सव्वाशेहून अधिक युनिट वीज जाते. कडक उन्हात क्लोरीन लवकर उडून जाते. चार-पाच दिवस दुर्लक्ष झाले, कुटुंब लग्नाला नागपूरला गेले, की पाण्यावर हिरवट शेवाळ येते. साचलेले पाणी डासांच्याही सोयीचे. आणि दुपारी, जेव्हा सर्वाधिक उकडते, तेव्हा काठावरच्या फरश्यांवर पाय ठेवता येत नाही. वापर उरतो तो सकाळी तासभर आणि सूर्य मावळल्यावर.

मग उन्हाळा निघतो कसा?

कुलरवर. विदर्भाची हवा कोरडी असल्याने कुलरचे पाणी झपाट्याने उडते आणि खोली खरोखर गार होते. मुंबईच्या दमट हवेत हेच यंत्र निकामी ठरते. मोठा कुलर दिवसाला 50 ते 100 लिटर पाणी घेतो. म्हणजे पूलमधून एका दिवसात उडणाऱ्या पाण्यात तीन-चार खोल्या गार होतील. बाष्पीभवन तेच, पण कुलरची वाफ घराच्या कामी येते.

पोहणे मात्र जिल्ह्यात नवे नाही. ते घरात नव्हते, इतकेच. वर्धा, पैनगंगा, पूस, अरुणावती या नद्यांचे डोह आणि शेतातल्या विहिरी हेच पोहण्याचे वर्ग. पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, मामाने किंवा काकाने विहिरीत ढकलायचे आणि स्वतःही मागे उडी घ्यायची. ही शाळा मुलग्यांचीच राहिली. मुलींना ती क्वचितच उघडी होती. पुढे पाण्याची पातळी खाली गेली, अनेक विहिरींवर मोटारी बसल्या, नद्या उन्हाळ्यात आटू लागल्या आणि ती शाळाही बंद पडत गेली.

शेततळ्यात का नको?

पाणी आता दिसते ते शेततळ्यांत. राज्य शासनाने 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. त्यातील सर्वात मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल. त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते; म्हणजे वर हिशेबात धरलेले 45 पूल. चाळीस अंशांच्या उन्हात शाळेला सुट्टी लागलेल्या मुलांना ते खुणावणार नाही तर काय? पण काठाला पायरी नसते, उतार तीव्र असतो आणि प्लास्टिकचे अस्तर ओले झाले की शेवाळाने घसरडे होते. पोहता येणाराही वर चढू शकत नाही. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच अडकतो. शेततळ्यात दोन भावंडे, दोन मित्र एकाच वेळी बुडाल्याच्या बातम्या राज्यात दर उन्हाळ्यात येतात, त्या यामुळेच. देशभरात पाण्यात बुडून दरवर्षी 30 हजारांहून अधिक जण दगावतात.

यावर लागणारा खर्च स्विमिंग पूलच्या तुलनेत किरकोळ आहे : तळ्याभोवती तारेचे कुंपण आणि कुलूप, चारही बाजूंनी आत सोडलेले गाठी मारलेले जाड दोर, काठावर ट्रकची फुगवलेली जुनी ट्यूब. दोराचे एक टोक काठावरच्या खुंटाला पक्के बांधलेले हवे, आणि दुसरे तळापर्यंत पोहोचायला हवे. कारण मेमध्ये पाणी बरेच खाली गेलेले असते.