छोट्या वाटेची तेरेजा

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? कुणी घरदार सोडलेलं, कुणी कडक उपास केलेले, कुणी चमत्कार केलेला. मग वाटतं, आपल्याला कुठलं ते जमायला! पहाटेपासून पाणी, चूल, जनावरं, शेत, पोरं. देवाचं नाव घ्यायलाही उसंत नाही. आज आम्ही अशा एका मुलीबद्दल सांगणार आहोत, जिने रोजच्याच कामांत देव शोधला. कॅथलिक ख्रिस्ती लोक जगभर तिला संत मानतात.

तिचं नाव तेरेज. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक तिला संत तेरेजा म्हणतात. फ्रान्समधल्या आलांसाँ गावी १८७३ साली ती जन्मली. तिची आई झेली लेस बनवण्याचा धंदा करायची. घरोघरच्या बायकांना काम वाटून द्यायची आणि त्यांनी आणलेले तुकडे स्वतः जोडायची. आपल्या गटाच्या धंद्यासारखंच की! तेरेजा चार वर्षांची असताना आई कर्करोगानं गेली. पंधराव्या वर्षी तेरेजा लिझ्यू गावच्या कार्मेल मठात धर्मभगिनी व्हायला गेली. तिथेच १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयानं वारली.

मठात तिने काय केलं? धुणं, झाडलोट, शिवण, प्रार्थना. मठातली एक म्हातारी भगिनी दुखण्यानं बेजार आणि स्वभावानं किरकिरी होती. रोज संध्याकाळी तिला धरून जेवणघरात न्यायचं काम तेरेजानं मागून घेतलं. भरभर चाललं तरी म्हातारी रागवायची, हळू चाललं तरी रागवायची. एके दिवशी तेरेजाच्या लक्षात आलं, की हिला दुखऱ्या हातांनी पाव कापता येत नाही. तेव्हापासून ती रोज पाव कापून द्यायची आणि हसून मगच निघायची. धुणं धुताना समोरची भगिनी तोंडावर घाण पाणी उडवायची, तेही तिने हसून घेतलं. एका भगिनीचं तर सगळंच तिला खटकायचं. तिच्यासाठी ती मुद्दाम प्रार्थना करायची, तिला मदत करायची. त्या भगिनीला वाटायचं, मी हिची लाडकी आहे!

यालाच तेरेजानं 'छोटी वाट' म्हटलं. ती लिहिते त्याचा अर्थ असा: मोठ्या संतांसारखा उंच जिना चढायची ताकद माझ्यात नाही. पण श्रीमंतांच्या घरी आता लिफ्ट आली आहे. तशी माझी लिफ्ट म्हणजे येशूचे हात. मी लहानच राहीन, तोच मला उचलून घेईल. म्हणजे काम केवढं आहे हे देव मोजत नाही, त्यात प्रेम किती आहे ते बघतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. बाईला 'सोस, सोस' म्हणून सांगणारे पुष्कळ असतात. नवऱ्याचा मार खाणं, सासरचा जाच मुकाट सोसणं, दुखणं अंगावर काढणं, ही छोटी वाट नव्हे. तेरेजानं जे केलं ते स्वतःच्या मर्जीनं, कुणाच्या धाकानं नाही. आणि ती मुळीच मुकी नव्हती. चौदा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर रोमला गेली. पोपमहोदयांसमोर कुणी बोलायचं नाही, अशी ताकीद होती. तरी तिने त्यांच्यापुढे गुडघे टेकून मठात जायची परवानगी मागितली. घाण पाण्याचे शिंतोडे हसून घेता येतात. उगारलेला हात मात्र थांबवायचाच असतो. त्यासाठी गटातल्या बायकांनी एकमेकींच्या पाठीशी उभं राहणं, हेही प्रेमच.

तेरेजाच्या वह्या तिच्या मृत्यूनंतर पुस्तक म्हणून छापल्या गेल्या आणि ती जगाला कळली. १९२५ साली तिला संत म्हणून जाहीर केलं. जुन्या गोव्यात ज्यांचं शव जपून ठेवलं आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर समुद्र ओलांडून देशोदेशी हिंडले. तेरेजा मठाबाहेर पडली नाही. तरी १९२७ साली चर्चनं दोघांनाही मिशनकार्याचे आश्रयदाते संत ठरवलं, बरोबरीनं. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी आपलं नाव घेतलं ते हिच्यावरूनच. आणि लेस बनवणारी आई झेली व वडील लुई यांनाही २०१५ साली संतपद मिळालं.

आपला धर्म कोणताही असो, ही वाट आपल्या दारातूनच जाते. बैठकीत एखादी तेच तेच विचारते, तिला पासबुकातला आकडा पुन्हा एकदा समजावून सांगायचा. हप्ता थकलेली बाई तोंड लपवते, तर चारचौघींत बोलण्याआधी तिच्या घरी जाऊन विचारायचं, 'काय अडचण आहे गं?' सासूबाईंना भाकरी चावत नसेल तर दुधात कुस्करून द्यायची, आणि दोन मिनिटं शेजारी बसायचं. जिच्याशी आपलं पटत नाही, तिला या आठवड्यात आपणच आधी हाक मारायची. एवढं करून बघा, मैत्रिणींनो.