पत्ता कोणाचा, रस्ता कोणाचा

२०१३ च्या जून महिन्यात एका सकाळी माझे चौदा वर्षांचे काम दिसेनासे झाले. काम म्हणजे दिवाळी अंकांतील कथांची सूची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासून ही परंपरा मोजतात; पण कोणत्या वर्षी, कोणत्या अंकात, कोणाची कथा आली हे एका जागी सापडत नाही. म्हणून नोकरी सांभाळून, वाचनालये पालथी घालत मी कार्डे करत होतो. पुढे भाच्याने ती संगणकावर घेतली आणि संकेतस्थळ करून दिले. वर्षाला दीड हजार रुपये भरायचे, की एक गृहस्थ 'जागा' देत. त्या सकाळी पान उघडेना आणि गृहस्थांचा फोन लागेना. आठवड्याभराने कळले ते असे : त्यांनी जागा दुसऱ्याकडून घेतली होती, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. मधल्या कोणाचे तरी पैसे थकले आणि परदेशातले ते यंत्र पुसून दुसऱ्या ग्राहकाला देण्यात आले. माझ्याकडची शेवटची प्रत आठ महिने जुनी होती.

राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. एखादा दुर्मीळ अंक कोणत्या गावच्या वाचनालयात, कोणत्या कपाटात आहे हे मी झोपेतून उठवले तरी सांगितले असते. माझी स्वतःची सूची कुठे ठेवलेली आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगणकाचे शिक्षण शून्य. पण सूचिकाराला एक सवय असते, नोंद कुठून आली ते शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्या सवयीने मी या विषयात शिरलो, तो आजवर बाहेर पडलेलो नाही.

पहिली गोष्ट कळली ती मालकीची. होस्टिंग देतो म्हणणाऱ्यांत चार पायऱ्या असतात. सर्वांत खालचा पोटभाडेकरू : दुसऱ्याच्या सर्व्हरवरची जागा तो वाटून विकतो. त्याच्या वरचा अख्खा सर्व्हर भाड्याने घेतो. तिसऱ्याचे सर्व्हर स्वतःचे असतात, पण ते उभे असतात दुसऱ्याच्या इमारतीत किंवा चालतात दुसऱ्याने दिलेल्या पत्त्यांवर. चौथ्याचे पत्तेही स्वतःचे असतात. चौघांच्या जाहिराती सारख्याच दिसतात, दरही फार वेगळे नसतात. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतला फरक मला पुस्तकांतून कळला नाही. तो सांगलीत कळला.

सांगलीत केबल टीव्हीचा धंदा केलेल्या दोघा भावांनी २०१६ मध्ये छोटे होस्टिंग सुरू केले. ग्राहक कोण, तर दोन वाचनालये, काही पतसंस्था, हळदीचे व्यापारी, शाळा आणि एका मंडळाची रक्तदात्यांची यादी. माझी सूची मी तिथे नेली आणि तिच्यामागोमाग मीही शनिवार-रविवारी तिथे जाऊन बसू लागलो. हिशेब लिहायचा, वायरींना चिठ्ठ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचे. दोघे मला काका म्हणतात.

दुसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली. एक रॅक, त्यात चार सर्व्हर. एकेक साधारण ३०० वॉट खातो, म्हणजे चौघांचे मिळून दिवसाला २९ युनिट. आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच उतरते. म्हणून वातानुकूलन आले, त्याची वीज वेगळी. इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो, ती यांनीही केली. सर्व्हर बॅटरीवर ठेवले, एसी ठेवला नाही. वीज गेली की यंत्रे चालू राहायची आणि खोली तापत जायची. मे महिन्यात एकदा जनरेटर सुरू व्हायला पाऊण तास लागला, तेवढ्यात दोन यंत्रे तापून आपोआप बंद पडली. बॅटऱ्या शाबूत होत्या! पुढे एसी आणि जनरेटर एका स्वयंचलित कळीवर आले. डिस्क मात्र पहिल्यापासून जोडीने होत्या. एक गेली तरी दुसरीवर तीच माहिती. पण जोडीची डिस्क म्हणजे प्रत नव्हे, हे थोरल्याला समजावताना माझा घसा बसला. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी पुसली जाते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर १० मार्च २०२१ रोजी जळाले, तेव्हा ज्यांची प्रत त्याच आवारात होती अशा अनेकांचे मूळही गेले आणि प्रतही गेली. त्या दिवसानंतर तो माझ्याशी वाद घालत नाही.

यंत्रांचे हे असे असते. पैसा आणि लक्ष दिले की जमते. अवघड भाग खोलीच्या बाहेर आहे.

एक लाइन तुटली तर दुसरी असावी म्हणून भावांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या होत्या. दोन करार, दोन बिले, भिंतीवर दोन डबे. २०१७ च्या डिसेंबरात रस्त्याचे काम निघाले आणि सकाळी धाकट्याचा फोन आला, "काका, दोन्ही गेल्या." दोन्ही एकाच मिनिटाला. आम्ही लाइनच्या मागे चालत निघालो. दीड किलोमीटरवर जेसीबीने उकरलेल्या खड्ड्यात एकच पाइप फुटलेला होता आणि त्यात एकच केबल. दुसऱ्या कंपनीने या भागात स्वतःची केबल टाकलेलीच नव्हती. पहिलीच्या केबलमधले दोन काचतंतू तिने भाड्याने घेतले होते. आमच्या दोन लाइन म्हणजे एकाच दोरीचे दोन पदर. अकरा तास सगळे बंद. त्या संध्याकाळी रक्तदात्यांच्या यादीसाठी मंडळाचा कार्यकर्ता स्वतः दुकानात आला आणि थोरल्याने ती यादी सर्व्हरवरून छापून त्याच्या हातात दिली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. करारात फक्त वेग लिहिलेला होता, मार्ग कोणी विचारलाच नव्हता. लाइन घेताना शेवटच्या खांबापासून एक्स्चेंजपर्यंतचा नकाशा मागावा आणि तो स्वतः चालून पाहावा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

यानंतर त्यांनी खरोखर वेगळ्या वाटेने येणारी लाइन घेतली, शिवाय गच्चीवरून एक बिनतारी जोडणी. आता एक तुटली तर दुसरी चालेल असे मला वाटले. धाकटा म्हणाला, "चालेल, पण आपल्याला कोणी शोधू शकणार नाही." तेव्हा मला पत्त्याचे कोडे उमगले.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पडद्यामागे त्या नावाचा पत्ता शोधला जातो आणि मागणी त्या पत्त्याकडे निघते. भावांच्या सर्व्हरांना जे पत्ते होते ते पहिल्या लाइनच्या कंपनीने दिलेले, म्हणजे तिचेच. ती लाइन तुटली की ते पत्ते तिच्याच दारात अडकून पडत. मोबाइलची कंपनी बदलली तरी क्रमांक तोच ठेवता येतो; या पत्त्यांना ती सोय नाही. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढचा पत्ता बदलून घ्यावा म्हटले, तर अर्ध्या ग्राहकांची नावे भलत्याच ठिकाणी नोंदलेली आणि त्यांचे पासवर्ड गाव सोडून गेलेल्या कुणा मुलाकडे.

उपाय एकच, स्वतःचे पत्ते. पण पत्त्यांचा दुष्काळ आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणून एकूण सुमारे ४२९ कोटी. जागतिक कोठारातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये विभागांना वाटून संपले. आशिया-प्रशांत विभागाने त्याच एप्रिलपासून रेशनिंग सुरू केले आणि २०१९ पासून तर नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळू लागले. भारतात हे वाटप निक्सी या संस्थेच्या अखत्यारीतली 'इरिन' ही नोंदणी करते. भावांनी अर्ज केला, कागदपत्रे, खुलासे, पुन्हा कागदपत्रे झाली आणि २०१८ मध्ये त्यांना २५६ पत्त्यांचा एक गट मिळाला. त्याहून लहान गट जगातले बहुतेक राउटर ऐकूनच घेत नाहीत, तेव्हा ही सर्वांत लहान जमीन म्हणायची. सोबत नव्या पद्धतीचे, आयपीव्ही-६ चे, मोजता न येणारे पत्ते. पण फक्त त्यांच्यावर विसंबून धंदा चालत नाही, कारण अजून कित्येक ग्राहकांपर्यंत ते पोहोचतच नाहीत. आणि एक एएस क्रमांक : जगाच्या जाळ्यात स्वतंत्र घर असल्याची खूण.

पत्ते मिळाले तरी जगाला कळणार कसे? इथे मला या विषयातली सर्वांत नवलाची गोष्ट सापडली. इंटरनेटचा मध्यवर्ती नकाशा कोणाकडेच नाही. प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्याला सांगते, 'हे पत्ते माझ्याकडे आहेत'. शेजारी त्याच्या शेजाऱ्याला सांगतो, 'ते माझ्याकडून मिळतील'. आणि असे सांगत सांगत काही मिनिटांत बातमी जगभर जाते. या पद्धतीला बीजीपी म्हणतात. १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे एका बैठकीच्या वेळी कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर तिचा आराखडा लिहिला. वाढून, सुधारून तीच आजही जग चालवते.

तिचा पाया विश्वासाचा आणि तिथेच तिची कमजोरी. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या २५६ पत्त्यांची खोटी वाट जाहीर केली. ती देशातच राहायची, पण हाँगकाँगच्या कंपनीने न तपासता पुढे पाठवली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या मोठ्या गटाची होती आणि राउटरांचा नियम असा की लहान, नेमक्या गटाची घोषणा वरचढ. जवळजवळ दोन तास जगभरची मागणी चुकीच्या दारात जात राहिली. उलटेही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने चुकून आपल्याच घोषणा मागे घेतल्या. यंत्रे धडधाकट होती, फक्त जग त्यांची वाट विसरले, तेही सहा तास. आता पत्त्यांच्या गटाला सहीशिक्क्याची नोंद करता येते की ही घोषणा अमुक एएस क्रमांकाकडूनच यावी. धाकट्याने ते एका दुपारी केले. ती नोंद घोषणेचे उगमस्थान तपासते, मधला रस्ता नाही. तरी नसण्यापेक्षा पुष्कळ.

२०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचे पाणी शहरात शिरले. यंत्रे दुसऱ्या मजल्यावर सुरक्षित होती, पण वीज गेलेली आणि जनरेटरचे डिझेल आणायला रस्ता नाही. सुदैवाने वर्षभरापूर्वी भावांनी नवी मुंबईत महापे इथे एका डेटा सेंटरमध्ये पाव रॅक भाड्याने घेऊन एक राउटर आणि एक सर्व्हर ठेवला होता आणि तिथल्या लाइन देणाऱ्या कंपनीकडून आपले २५६ पत्ते जाहीर करण्याची परवानगी आधीच लिहून घेतली होती. मला तो खर्च अनाठायी वाटला होता, तसे मी हिशेबाच्या वहीत लिहूनही ठेवले होते. टाकीत वीसेक लिटर उरले तेव्हा थोरल्याने निर्णय घेतला : शेवटची प्रत महापेला पाठवायची, सांगलीची घोषणा मागे घ्यायची, तिथून तेच पत्ते जाहीर करायचे. प्रत जायला अडीच तास लागले, घोषणेला पाचेक मिनिटे. मग त्यांनी यंत्रे हाताने बंद केली. मी त्या दिवशी पुण्यात अडकलो होतो. रक्तदात्यांची यादी तिथून उघडून पाहिली, उघडली. पत्ता तोच, फक्त रस्ता बदललेला.

आता मुख्य सर्व्हर महापेला आहेत आणि सांगलीची खोली प्रतीसाठी. हे मला थोडे खटकते. गावातली यंत्रे गावातच असावीत असे माझ्यासारख्याला वाटते. पण वीज, डिझेल आणि चार वेगळ्या वाटा जिथे आहेत तिथेच ती टिकतात. लहानांच्या पाठीवर आता कायद्याचेही ओझे आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांच्या नोंदी जपायच्या, सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. नियम योग्य आहेत, पण हजार माणसांच्या कंपनीला आणि दोन भावांना ते सारखेच लागू. रात्री पाळी कोणाची, हा त्यांच्या घरातला रोजचा वाद आहे.

माझ्या सूचीच्या आता तीन प्रती आहेत : महापे, सांगली, आणि तिसरी एका डिस्कवर, जी दर तीन महिन्यांनी मी मिरजेच्या एका वाचनालयाच्या लोखंडी कपाटात बदलून ठेवतो. हरवलेल्या आठ महिन्यांच्या नोंदी जुन्या कार्डांवरून पुन्हा भरत आलो आहे. बरीच कार्डे वाळवीने खाल्ली, तेव्हा मूळ अंक पुन्हा काढून पाहावे लागतात. १९७२ चे अंक अजून राहिले आहेत.